डोळ्यामागची शीर

यादोरावांची काठी पडली आणि मी वाकले, एवढंच झालं. आमच्या आवक-जावकच्या टेबलासमोर माणसं दिवसभर काही ना काही पाडत असतात, पेनाची टोपणं, चष्म्याची घरं, आधार कार्डं, आणि मी कधीच वाकत नाही. मी नुसती बघते. मग ज्याचं त्याने उचलायचं, नाही तर आमचा शिपाई अंकुश येऊन उचलतो. त्यामुळे भंडाऱ्याच्या ह्या कार्यालयात माझा दरारा आहे, आणि पाठीमागे मला 'ताठेबाई' म्हणतात हेही मला ठाऊक आहे. माझं आडनाव ते नाही. पण त्या दिवशी अर्ज घेऊन आलेल्या यादोरावांनी नमस्कारासाठी दोन्ही हात जोडले, काखेतली काठी निसटून माझ्या पायाशी आली, आणि म्हाताऱ्या माणसाची काठी बघून डोक्याच्या आधी माझा हात पुढे गेला. खुर्चीतल्या खुर्चीत मी कमरेतून वाकले, डोकं गुडघ्यांच्या खाली गेलं. डाव्या डोळ्यामागे आधी ऊब भरली, मग जडपणा, मग पापण्या आपोआप मागे सरल्या आणि फरशीच्या एका रेघेच्या दोन रेघा झाल्या. हे मला लहानपणापासून पाठ आहे. सरळ बसायचं, श्वास मोकळा सोडायचा, की डोळा आपला आपण घरी जातो. मी काठी घेऊन सरळ बसले, श्वास सोडला. डोळा घरी गेला नाही.

"बाई, तुमचा डोया भायेर येऊन राहिला," यादोराव म्हणाले. एस.टी. आली असं सांगावं तितक्या शांतपणे.

मी त्यांच्या हातात काठी दिली. "माहीत आहे मला. तुमचा अर्ज उद्या पुढे जाईल," म्हटलं, आणि उठून बाथरूमकडे चालू लागले, मान ताठ ठेवून, कारण मला दुसरं चालणं येतच नाही.

आरशात डावा डोळा उजव्याच्या पुढे होता. त्याला असा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. ऐकायला विचित्र वाटेल, पण वाकलेल्या माणसाला आरसा दिसत नाही, आणि आरशासमोर उभं राहिलं की माझा डोळा शहाण्या मुलासारखा जागेवर. माझ्या आईने तो पाहिला होता, नवऱ्याने पाहिला होता, सगळ्या कोंढा गावाने पाहिला होता. मीच तेवढी राहिले होते. मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने माझ्याकडे, आणि मला त्याची भीती वाटण्याऐवजी ओशाळल्यासारखं झालं, घरात इतकी वर्षं राहणाऱ्याला आपण कधी नाव विचारलं नाही तसं. मग दुखायला लागलं. खोबणीच्या आतून कुणी अंगठा रेटत होतं. मी उजवा डोळा मिटून घेतला तर नळाखालची लाल बादली विटकरी झाली, मळकी, जुनी. उजव्याने पाहिलं तर लालभडक. डावा, विटकरी. उजवा, लाल. डोळा चालला, हे वाक्य मनात आलं आणि ते माझ्या आवाजात आलं नाही, ते आईच्या आवाजात आलं.

तेव्हा मी आठेक वर्षांची असेन. कोंढ्याला रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता, आई तुळसा रोवणाऱ्या बायांच्या ओळीत आणि बाप, डोमा त्याचं नाव, पलीकडच्या भाताच्या बांधीत चिखल करत होता. माझं काम धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून पऱ्ह्यांच्या, रोपांच्या, पेंड्या बायांकडे फेकायचं. त्या दिवशी मला हौस आली, फ्रॉक वर खोचून मी ओळीत शिरले आणि वाकले. शेजारच्या ललिताबाईने माझ्याकडे पाहिलं आणि ती किंचाळली, "तुयसे, पोरीचा डोया पडला वो." झालं. सगळ्या बाया हातातले पऱ्हे टाकून जमल्या आणि गुडघाभर चिखलात हात घालून डोळा शोधू लागल्या. मीही सरळ उभी राहून घाबरून खाली बघत होते, कुठे दिसतो का. एक बांगडीचा तुकडा सापडला, दोन गोगलगायी सापडल्या. मग आईला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने ओंजळभर पाणी माझ्या तोंडावर मारलं, चिखल धुतला, आणि दोन्ही डोळे तिथेच होते. आता शहाण्या माणसाला हसू येईल. आधी पोरीचं तोंड बघायचं सोडून ह्या बाया चिखल काय चाचपतात? पण रोवणाऱ्या बाईचं जे काही पडतं, फुली, जोडवं, कानातलं, ते चिखलातच पडतं, आणि तिथेच शोधायचं असतं. ही चूक करायला जन्मभर रोवावं लागतं. कोंढ्यात अजूनही अर्धी माणसं सांगतात की तुळसाबाईने पोरीचा डोळा चिखलातून काढला, शेतातल्या तळीच्या, बोडीच्या पाण्यात धुतला आणि परत बसवला.

त्या दिवशी आईने कायदा केला की हर्षाने मान खाली घालायची नाही. बाकीच्या आया पोरींना मान खाली घालून चालायला शिकवत होत्या, माझी आई माझ्या हनुवटीला बोट लावून ती वर करत होती. शाळेत सगळी पोरं जमिनीवर पाटी ठेवून वाकून लिहायची, माझ्यासाठी बापाने पाटाला दोन पाय ठोकून दिले. मी रोवण्याच्या कामाची नाही हे ठरलंच होतं, मग शाळेशिवाय माझं करायचं काय? शाळा झाली, पवनीचं कॉलेज झालं, परीक्षा झाली, नोकरी झाली. आणि ओळीतली माझी जागा, जी खरं म्हणजे माझी कधी झालीच नाही, ती माझ्या पाठच्या बहिणीला, सरिताला मिळाली. ती सातवीतून निघाली. मी धुऱ्यावर पुस्तक घेऊन उभी असायची आणि खाली ओळीत सगळ्या पाठी सारख्याच, पण सरिताची पाठ मला ओळखू यायची, ती जरा डावीकडे झुकायची. विहारात वंदनेला सगळे कपाळ टेकायचे, तेव्हा एवढ्या वाकलेल्या माणसांत मी एकटीच बुद्धमूर्तीकडे समोरासमोर बघत बसलेली. मूर्तीला त्याचं काही वाटलं नाही. वंदनेला आलेल्या ताराबाईला वाटलं. "तुळसाची पोट्टी आतापासूनच सायबीन झाली," असं ती म्हणाली, आणि आईने तिच्याशी सहा महिने बोलणं टाकलं.

लग्न झाल्यावर लाखनीच्या घरी पहिल्याच सकाळी सासूबाईंनी माझ्या हातात झाडू दिला. मी तो घेऊन उभी राहिले. माझा नवरा अतुल शाळेत मास्तर आहे, त्याला मुलांच्या खोड्या न सांगता कळतात, माझी तर त्याला लग्नाआधीच सांगितली होती. त्याने झाडू घेतला, गोठ्यातून एक बांबू आणला, सुतळीने झाडू बांबूला बांधला आणि परत माझ्या हातात दिला. मी त्या क्षणी त्याच्या प्रेमात पडले, ते अजून पडलेलीच आहे. डॉक्टरांनाही दाखवून झालं होतं, एक तुमसरचा, एक भंडाऱ्याचा. दोघांनी मला मशीनसमोर बसवलं, हनुवटी टेकवली, प्रकाश पाडला आणि डोळा उत्तम आहे म्हणून सांगितलं. मान सरळ असताना तो उत्तमच असायचा. खाली वाका असं त्यांनी सांगितलं नाही, आणि आईने वाकायला बंदी केलेली असल्यामुळे मीही वाकून दाखवलं नाही. पुढे नोकरी, घर, ह्यात मी ताठ राहायला इतकी शिकले की आतली गोष्ट विसरल्यासारखीच झाली. लोकांना वाटायचं गर्व आहे. मीही कधी कधी मानून टाकायचे की असेल गर्व, काय हरकत आहे.

त्या दिवशी ऑफिसातून अंकुशने अतुलला फोन केला. दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला होतो, डोळ्यांच्या खोबणीचंच काम करणाऱ्या डॉ. शुभांगींसमोर. वयाने माझ्याहून लहान, आवाज मात्र मुख्याध्यापिकेचा. त्यांनी डोळ्यात घालायच्या औषधाच्या बाटलीचं लाल झाकण माझ्यापुढे धरलं. "कसं दिसतं?" उजव्याने लाल, डाव्याने विटकरी. झाकण खिशात ठेवताना त्यांचा हात हळू झाला. मग मला पालथं झोपवून, श्वास कोंडायला लावून फोटो काढले. पालथी असताना मशीनच्या बोगद्यात मला पहिल्यांदा वाटलं की आता कुणी तरी त्याला त्याच्या घरी जाऊन बघतंय.

"डोळ्यामागे शिरांचा गुच्छ आहे, जन्मापासूनचा," पडद्यावरच्या करड्या सावलीवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाल्या. "भिंती पातळ, मध्ये झडपा नाहीत. तुम्ही वाकलात की रक्त खाली उतरून त्यात भरतं, गुच्छ फुगतो, डोळा पुढे येतो. सरळ झालात की रिकामा होतो. आता आत रक्त गोठलंय, म्हणून तो रिकामा होत नाही आणि नजरेची नस दाबतोय. क्वचित दिसतो हा आजार. आमच्याकडेही वर्षाकाठी एखादाच."

"आणि करायचं काय?" अतुलने विचारलं.

"पापणीतून सुई मागे नेऊन गुच्छात औषधी डिंक भरायचा, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत. तो घट्ट झाला की पापणीच्या घडीतून अख्खा काढायचा. आधी घट्ट नाही केला तर हात लावल्याबरोबर रक्त वाहतं."

"डिंक भलतीकडे गेला तर?"

"तर त्या डोळ्याची नजर जाऊ शकते," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, "पण ती तशीही जायला लागलीय, हर्षाताई. एरवी ह्यात आम्ही बहुतेकांना एवढंच सांगतो की वाकू नका, जोर करू नका. ते तुमच्या आईने आधीच सांगून ठेवलंय."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी सरिता आली. कोंढ्याहून तीन गाड्या बदलून, डब्यात पोळ्या आणि नुसती चटणी घेऊन, कारण 'दवाखान्यात तोंडाले चव लागते.' ती खाटेशेजारी बसली आणि मला तिच्याकडे बघवेना. दोन दिवस माझ्या मनात एकच घोळत होतं, आणि ते अंधत्वाचं नव्हतं. माझी पाटी, माझी नोकरी, माझा भंडाऱ्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, माझा बांबूचा झाडू, हे सगळं त्या शिरांच्या गाठोड्यावर उभं होतं. ते भरत होतं म्हणून मी शिकले. ते उद्या काढून एखाद्या बाटलीत टाकतील, मग मागे उरते ती कोण? आणि डोळा वाचला तर वाचला, पण तो सरिताच्या पाठीला काय म्हणणार? मी सरिताला हे सगळं असं सांगितलं नाही. मी म्हटलं, "सरे, माह्या जागी तू रोवली."

"मंग?"

"तुले राग नाही येत?"

तिने डबा बंद केला, झाकण दोनदा दाबून बघितलं. "येत होता नं. सातवीत लय येत होता. तू धुऱ्यावर पुस्तक घेऊन उभी राहे तं वाटे, एक पेंडी फेकून मारावं. मंग लग्न झालं, पोरं झाली, राग कुठी गेला मालूम नाही. आता रोवणाऱ्या सगळ्या बाया माह्याच मागं हायेत, बाई. कोणाची बांधी कवा, मीच ठरवून राहिली. मालक लोकं माह्या दारी येतात." मग म्हणाली, "तू कायले विचार करून राहिली? डोया तुहा हाय. तो वाचव. माह्या पाठीचा हिशोब मी तुह्यापाशी मांगितला का?"

मी रडले. उजव्या डोळ्यातून नीट, डाव्यातून दुखत दुखत. ती पदराने दोन्ही पुसत बसली आणि म्हणाली, "आता वाकून नोको रडू, नाही तं उद्याचं काम आजच होईन."

भूल देणारा डॉक्टर मागे मागे सरकत गेला आणि त्याचा आवाज बोडीच्या पलीकडच्या काठावरून यायला लागला, एवढंच आठवतं. मध्ये काही नव्हतं. स्वप्नंही नाहीत. मग पट्टीखालचा अंधार, तोंडाला कोरड, अतुलचा हात, आणि डोळ्यामागे एक नवीनच गोष्ट. तिथे जागा होती. दुखणं होतं, टाके होते, सूज होती, पण ह्या सगळ्याच्या आत एक मोकळी जागा होती, सामान नेल्यावरच्या खोलीसारखी. पट्टी काढली त्या सकाळी डॉ. शुभांगींनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि तेच झाकण समोर धरलं. आधी नुसतं पांढरं, धुक्याचं. मग त्यात एक ठिपका. मग तो ठिपका लाल झाला. विटकरी नाही. लाल, लाल, लग्नातल्या शालूसारखा बेशरम लाल. मी म्हटलं, "लाल." डॉक्टरांनी परत विचारलं. मी परत सांगितलं, मग न विचारताही सांगितलं, खोलीत जे जे लाल होतं ते सगळं सांगितलं, नर्सच्या कुंकवापासून आग विझवायच्या नळकांड्यापर्यंत. अतुल खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

उन्हाळ्यात परत तपासणी झाली. पालथं झोपून, श्वास कोंडून पुन्हा फोटो, आणि सावली नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, "आता वाका."

मी उभी राहिले. नाही झालं. मनाने हुकूम सोडला, पण कमर ऐकेना, मानेच्या मागची शीर लोखंडाची झाली होती. चाळीस वर्षांचा कायदा होता तो, कागदावरचा असता तर रद्द झाला असता. "घाबरता काय, चला, मी पण वाकते," म्हणत त्या मुख्याध्यापिकेने तिथेच, पांढऱ्या कोटात, पायाच्या अंगठ्यापर्यंत वाकून दाखवलं, त्यांचा स्टेथोस्कोप खाली घसरून जमिनीला लागला, आणि मी हसता हसता वाकले. दारातून आत आलेल्या नर्सला दोन बायका एकमेकींसमोर वाकून हसताना दिसल्या. काहीही झालं नाही. हे काहीही न होणं किती मोठं होतं ते कुणाला सांगू? ऊब नाही, जडपणा नाही, फरशीची रेघ एकच. मी ती रेघ बघत राहिले, डोक्यात रक्त उतरल्याने कान गरम होईपर्यंत.

मग मला वेडच लागलं. चपलेचा पट्टा उभ्याने वाकून लावायचा. खाटेखाली बघायचं. चमचा मुद्दाम पाडायचा. ऑफिसात कुणाचं काही पडलं की माझी उडी अंकुशच्या आधी. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, माह्यासाठी बी काही ठेवा." ताठेबाईचा दरारा महिन्याभरात संपला. मला त्याचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, दरारा ही चांगली गोष्ट असते.

जुलैत मी रजा टाकून कोंढ्याला गेले. उघाडीचा दिवस होता, ऊन पाण्यावर पडून वर येत होतं. आई धुऱ्यावर छत्री धरून बसली, तिला आता एवढंच काम. मी पातळ गुडघ्यापर्यंत खोचलं आणि बांधीत उतरले. चिखल कोमट होता, बोटांच्या मधून वर आला. सरिताने हातात पेंडी दिली आणि नुसतं म्हणाली, "माह्या बाजूनं ये."

मी वाकले. आणि तिथे सगळे चेहरे होते.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं धुऱ्यावरून मी ओळीने पाठी पाहिल्या होत्या, आणि त्या पाठींवर माझं सगळं दुःख नेऊन ठेवलं होतं, बिचाऱ्या, मुकाट, दिवसभर मातीकडे बघणाऱ्या. खाली तर सभा भरली होती. ललिताबाई, आता दात गेलेली, तोंडात खर्रा धरून कुणाच्या तरी जावयाची नक्कल करत होती. एक दुसरीवर चिखल उडवत होती. कुणी गाण्याचं एक टोक धरलं की दुसऱ्या टोकाकडून शिवी येत होती आणि सगळ्या हसत होत्या, पाण्याच्या वीतभर वर, जिथे मालकाला ऐकू येत नाही आणि धुऱ्यावरच्या पोरीलाही नाही. आणि माझ्या शेजारी सरिताचा चेहरा होता, नाकाच्या शेंड्याला घामाचा थेंब लोंबत असलेला, रक्त उतरून तांबूस झालेला, हसरा. तिची पाठ मला अंधारातही ओळखू आली असती. हा चेहरा मी पहिल्यांदा पाहत होते, दोन्ही डोळ्यांनी.

"तुमी इतके साल कोणाले हासून राहिल्या होत्या?" मी विचारलं.

"तुले," सरिता म्हणाली. "धुऱ्यावर उभी राहे बगयासारखी." तिचे हात थांबत नव्हते, पऱ्हा जात होता, पाणी हलत होतं, ती मागे सरकत होती आणि मी तिच्या बरोबर राहायला धडपडत होते. माझी ओळ वाकडीतिकडी, अर्धे पऱ्हे तरंगायला लागले, ते ती जाता जाता खोचत होती.

"हर्षे," धुऱ्यावरून आईची हाक आली. आवाज म्हातारा झालाय, पण कायदा तोच. "डोया पाह्य वो माय. लय येळ झाला वाकून."

मनगटापर्यंत हात चिखलात होते. मी डोकं वर केलं नाही.

"जागेवर हाय, माय," मी खालूनच ओरडले, आणि पुढचा पऱ्हा घेतला.